बिनदुधाचा चहा

सर, बशीच्या काठावर तुमचं नख वाजायचं. टिक टाक टाक, टिक टाक टाक. मुरगूडच्या हायस्कुलातली मधली सुट्टी, शिपायानं आणून ठेवलेला चहा तुम्ही बशीत ओतून दोन घोटांत संपवायचात आणि रिकाम्या बशीवर भुजंगप्रयात वाजवून दाखवायचात. लघू हलका, गुरू जरा दाबून. मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीशी उभा असे. बाहेर पोरं चेंडूसाठी मारामाऱ्या करायची आणि माझं सगळं लक्ष त्या बशीवर. पुढं एसटीच्या चौकशी खिडकीत चौतीस वर्षं काढली, गाड्यांचे कर्णे ऐकत, पण आजही दुपारी डोळा लागता लागता कानात येतो तो तुमच्या नखाचाच आवाज.

तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. आता तुम्हाला लिहितोय, कारण तुमचं एक बोलणं गेले नऊ दिवस डोक्यातून जात नाही. नववीत होतो. एक कविता मी उभं राहून म्हटली, डोळ्यांत पाणी आणून, सगळा वर्ग गप्प. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "यातली बाई नदीवर निघालीय, की नदीवरून परत आलीय?" मला सांगता येईना. तुम्ही म्हणालात, "चाल पाठ आहे, मजकूर वाचलेलाच नाही. तुला सगळं सुंदर वाटतं रे, म्हणून तू काहीच नीट वाचत नाहीस." पोरं खदखदून हसली. मी आठ दिवस तुमच्याकडं बघितलं नाही. नवव्या दिवशी तुम्ही खोलीत बोलावलंत, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवलात आणि म्हणालात, "घे. राग गरम असतानाच पिऊन टाकावा." तो माझा बाहेरचा पहिला चहा. त्या चहाच्या गोडीत मी तुमचं बोलणंच विसरलो, सर. विसरायला नको होतं.

माझ्या बायकोच्या हृदयाचे ठोके गेल्या वर्षापासून चुकतात. डॉक्टरांनी सगळ्यात आधी चहा बंद केला. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. शिरोळकडची, शेतातल्या घरची, पहाटे चुलीवर पातेलं चढवल्याशिवाय कुणाशी न बोलणारी. दवाखान्यातून येताना रिक्षात म्हणाली, "चहा सोडायचा म्हंजे परत एकदा म्हायेर सोडल्यागत हाय बगा." आणि खरोखरच आठ दिवस ती नव्या नवरीसारखी कोपऱ्यात गप्प बसून राहिली. मला ते बघवेना. म्हणून शाहूपुरीतल्या मोठ्या दुकानातून मी एक हिरवं पाकीट आणलं. ग्रीन टी. पाकिटावर धुक्यातला डोंगर होता, उतारावर हिरव्या ओळी, आणि एका पानाच्या टोकाला लोंबणारा दवाचा थेंब. तो थेंब मी किती वेळ बघत बसलो होतो. पाकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर काही वाचला नाही.

आपल्याकडं चहा म्हणजे दूध आणि साखर, बरोबर ना? पावणं आलं की दूध आहे का हे आधी बघतात, चहापूड नंतर. ज्यात दूध नाही तो काढा, ही माझी समजूत. तिचीही. पहिला घोट घेऊन ती म्हणाली, "दूद न्हाय, साखर न्हाय, ह्यो कसला चा? पानांचा काडा की ह्यो." मग दोघंही निर्धास्त झालो. मी सत्त्याहत्तराव्या वर्षी गॅस पेटवायला शिकलो. कुंडीतला गवती चहा, आल्याचा तुकडा आणि ती पानं, आपल्या पद्धतीनं रंग उतरेपर्यंत खळाखळा उकळायची. सकाळी एक कप, दहाला एक, दुपारच्या झोपेनंतर एक, आणि जेवण झाल्यावर एक, शांत झोप लागावी म्हणून. ती पेला दोन्ही हातांत धरून म्हणायची, "जलमात पयल्यांदा तुमच्या हातचं काय तरी प्याय मिळालं." मला तेवढ्यानं भरून यायचं. मनात कवितेच्या ओळी जुळायच्या.

तिची झोप गेली. छातीत पाखरू फडफडतंय म्हणायला लागली. मी तिची नाडी धरून बसायचो. तुम्ही शिकवलेलं सगळं त्या मनगटावर लावून बघायचो, पण ते कुठल्याच वृत्तात बसायचं नाही. दोन लघू घाईनं यायचे, मग यती, नको तिथं, आणि इतकी लांब की माझाच श्वास थांबायचा. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "चहा बंद आहे ना?" आणि मी चौकशी खिडकीतल्या आवाजात सांगायचो, "पूर्ण बंद." त्या खिडकीत बसून एक सवय लागली, सर. माहीत असो नसो, उत्तर ठाम द्यायचं. माझ्या उत्तरावर डॉक्टरांनी दोनदा गोळ्या वाढवल्या. गेल्या खेपेला कागद बाजूला सारून म्हणाले, "आता वाढवायला जागा नाही. जपायचं, एवढंच."

नऊ दिवसांपूर्वी त्याच गोळ्या आणायला गेलो. हातातल्या पिशवीत ते पाकीट होतं. औषधाच्या दुकानातल्या मुलीनं बघितलं.

"आजोबा, हे कुणाला? आजीला न्हाय न्हवं?"

"तिलाच. चहा बंद केलाय की तिचा."

"अवो, मग ह्यो काय हाय? चहाच्याच झाडाची पानं ही. ह्यात पण कॅफिन असतंय. काळ्या चहापेक्षा कमी, पण असतंयच."

मी म्हटलं, "काढा करून देतो. चांगला उकळून."

"उकळून? दोन मिनिटं भिजवून काढायची असत्यात ती! जेवढी उकळशीला तेवढं उतरतंय त्यात. किती कप देतासा?"

मी चार म्हणालो. तिनं गोळ्या पिशवीत घातल्या. सुट्टे पैसे परत देताना हळूच म्हणाली, "डॉक्टरास्नी सांगा आजोबा. त्यांनी गोळ्या चहा बंद हाय असं धरून दिल्यात."

दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी पाकीट उलटं केलं. चष्मा लावून वाचलं. लिहिलेलं होतं, सर. डोंगराच्या बरोबर पाठीमागं.

त्या दिवसापासून मी पानं घालायची थांबवली. नुसता गवती चहा आणि आलं. एकदम थांबवली, तेही कुणाला न विचारता. दुसऱ्या दिवसापासून तिचं डोकं दुखायला लागलं. फडकं कपाळाला घट्ट बांधून तीन दिवस भिंतीकडं तोंड करून पडली. अजूनही अधूनमधून दुखतं. "काड्याला आता चवच न्हाय," म्हणते, "काय चुकलं का माझं?" तिचं! मी म्हणतो, पानं संपली. दवाखान्याच्या जिन्यापर्यंत दोनदा जाऊन आलो. एकदा पाच पायऱ्या चढलोही. सांगितलं नाही तर त्या वाढवलेल्या गोळ्या ती तशाच गिळत राहणार, हे मला कळतं. सांगितलं तर मी तिला काय पाजत होतो हे तिला कळणार, आणि तिच्याकडं माझ्याविषयी जपून ठेवण्यासारखं एवढंच एक आहे, चार कप. तिच्या हृदयात आता फार काही उरलेलं नाही हे डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला दिसलंय. ते माझ्यामुळं की वयामुळं, कुणी सांगू शकणार नाही. मला स्वतःला विचाराल तर मी रोज वेगळं उत्तर देतो, आणि तेही ठाम.

हा कागद कुठं टाकणार? तुमच्या गावी पोस्ट आहे, तुम्ही नाही. वहीतच राहील.

कुणीतरी कडी वाजवतंय. या वेळी आमच्याकडं कुणी येत नाही. थांबा, बघून येतो.

सर, डॉक्टर आलेत. स्वतः. कधी कुणाच्या घरी न जाणारा माणूस, चपला काढून आमच्या बाहेरच्या खोलीत बसलाय. तिनंच शेजारच्या वैनीकडून फोन लावून घेतला म्हणे, "डोस्कं थांबंना, आन तुमास्नी कशाला घोर." त्यांनी मला जुने कागद मागितले. फाईल शोधून आणतो म्हणून मी आत आलोय.

तिचा आवाज इथपर्यंत येतोय. त्यांनी काही विचारायच्या आधीच सांगतेय, "चा कवाच सोडलाय की डॉक्टर. ह्येनी आपल्या हातानं काडा करून देत्यात मला, रोज चार येळंला. गावात इचारा, कुनाचा नवरा करतोय?" डॉक्टर हसले. आता विचारतायत, "कसला काढा?"

ती मला हाक मारतेय. फाईल शोधायची गरज नाही, सर. तिच्यावरच वही ठेवून मी मघापासून लिहितोय.