ऑब्व्हियसली

२ जुलै १९७४
कोल्हापूरच्या एम.ए.चा अर्ज इंग्रजीच्या सरांना दाखवला. त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं — 'ऑब्व्हियसली'. दोनदा आलाय म्हणे. लॅटिनमध्ये 'ऑब' म्हणजे समोर, 'व्हिया' म्हणजे वाट. चालताना वाटेत समोर येतं, दिसल्यावाचून राहत नाही, ते ऑब्व्हियस. म्हणाले, जपून वापरा. हा शब्द घातला की पुढच्याला काही विचारायची सोय उरत नाही.

घरी येऊन डिक्शनरी उघडली. उघडपणे, अर्थातच. डिक्शनरी गुरप्पामामानं दिलेली. मॅट्रिकनंतर अप्पा मला घरी बसवणार होते. मामा वळसंगहून येऊन त्यांच्याशी भांडला. घरातली पहिली पदवी माझी — पण निम्मी त्याची.

९ जुलै
अव्वाला कोल्हापूरचं सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, माझ्या भावाला विचार, आता त्यानंच ठरवायचं. मामा हो म्हणेल. ऑब्व्हियसली!

१४ जुलै
मामा आला. मी विचारलं. तो अप्पांकडे बघून हसला. अप्पा म्हणाले, दिवाळीनंतर लग्न, आता कसलं कोल्हापूर? कुणाचं लग्न, म्हटलं.

शेजारची नागव्वामावशी पोट धरून हसली. "दर पंचमीला वळसंगची साडी नेसतीस, अन् कुणाचं म्हनतीस व्हय गं?"

आमच्यात मामाला भाची देतात. हे काय मला ठाऊक नव्हतं? साडी-बांगड्या दरवर्षी मलाच यायच्या, धाकट्या महादेवीला कधीच नाही. मला वाटायचं, शिकणाऱ्या भाचीचं कौतुक.

मामाला जिन्यात गाठलं. मग मला शिकवलंस कशाला?

"शिकल्याली बायको पायजे हुती की," तो म्हणाला. "समद्यास्नी ठावं हाय, शरणू. तुला येगळं सांगायचं हुतं व्हय?"

रागावलासुद्धा नाही. खरंच नवल वाटलं त्याला.

१५ जुलै
अव्वालाही माहीत होतं.

१८ जुलै
सरांना सांगायला हवं — त्या शब्दाचं आमच्या घरातलं मराठी 'ह्यात काय सांगायचं?' असं आहे. कुणी खोटं बोललं नाही. कुणी विचारलंही नाही. डिक्शनरी परत करावीशी वाटते, करवत नाही.

अप्पांना सांगितलं, मी हे लग्न करणार नाही. भांडी आपटली गेली. एकटी महादेवी माझ्या बाजूनं उभी राहिली. नववीतली पोर! म्हणाली, "अक्काला जाऊ द्या की, अप्पा."

२१ जुलै
अप्पा कबूल झाले!! म्हणाले, जा कोल्हापूरला. वळसंगला दिलेल्या शब्दाचं आमी बघतो. मामाही वळसंगला परतला.

महादेवीनं माझी ट्रंक पुसून दिली. म्हणाली, मॅट्रिक झाले की मीपण येते.

२४ जुलै, नागपंचमी
वळसंगहून साडी-बांगड्या आल्या. अव्वानं महादेवीला हाक मारली.

बांगड्या तिच्या हातात सैल होतात.