काकडीच्या फुलावरची पिशवी

नाशिक, मंगळवार, संध्याकाळ

ते फूल बाद झालं. काकडीचं नवं संकरित वाण तयार करणाऱ्या सुनंदाताईंनी आत्ताच फोनवर सांगितलं. सकाळी त्यांनी हाताने पराग लावून फुलावर कागदी पिशवी बांधली होती. दुपारी बघायला गेलो तेव्हा फोटोसाठी मी ती सोडली आणि परत बांधायला विसरलो. मधमाश्या बसल्या, दुसऱ्या वेलींचा पराग मिसळला. आता त्या बियांचा भरवसा नाही.

"पिशवी वाऱ्याने गेली असेल," मी म्हणालो. का म्हणालो असं?

"अहो, वारा गाठ सोडतो होय?"

कबूल केलं, पण पकडला गेल्यावर.

जास्त टिकणाऱ्या काकडीसाठी निवडलेल्या त्या वेलीवर आता एकच मादी कळी उरलीय. ती हुकली तर हंगाम गेला. उद्या सकाळी उमलेल. "या बघायला," ताई म्हणाल्या, "पण हात खिशात ठेवून."