उणे मतांखाली झाकलेलं उत्तर

१० जानेवारी
अखेर स्वतःचं घर! भाड्याचं का असेना. घोडबंदर रोडवर, चांगल्या उंचावर, खिडकीतून खाडीचा तुकडा दिसतो. लॉईड वर्तकनगरहून टेम्पोसोबत आलेला. पडदे लावून दिले, माझ्या हातची कोळंबी चापली आणि निघताना पुन्हा पुन्हा विचारत होता, "रोवेना, एकटी राहशील ना गं?" धाकटा भाऊ, पण काळजी मम्मासारखी.

१४ जानेवारी
बेडरूमच्या भिंतीतून टकटक येते. भर दुपारी, मी घरून काम करत असताना. शेजारच्या हेमाकाकू म्हणाल्या, त्या भिंतीपलीकडे काहीच नाही, इमारत तिथेच संपते. घरदुरुस्तीच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर प्रश्न टाकला. इमारत, भिंत, पाइप, फोटो, सगळं नीट दिलं.

१५ जानेवारी
प्रश्नाला मतं उणे चार. उत्तर एकही नाही. अरे, चुकलं काय ते तरी सांगा! नाव नाही, कारण नाही, नुसता अंगठा खाली करून पसार. प्रश्न पुन्हा लिहिला. उणे नऊ. लॉईड म्हणतो, सोड ना, आकडाच तर आहे. त्याला काय जातंय बोलायला! रात्रभर चिडचिड.

१७ जानेवारी
टकटक आता मी बसते तिथेच. खुर्ची सरकवली की तीही सरकते. सुशांत नावाच्या कुणाचं उत्तर आलं होतं. मी वाचण्याआधीच त्यावर इतकी उणे मतं पडली की साइटने ते झाकून टाकलं. असेल काहीतरी फालतू. उघडलं नाही.

१८ जानेवारी
वैतागून साइटवर विचारलं, मी उलट ठोकून बघू का?
लगेच अंगठे वर. भराभर. पहिल्यांदाच! वेड्यासारखा आनंद झाला.
ठोकलं.
टकटक थांबली.

१९ जानेवारी
आज झाकलेलं उत्तर उघडलं. 'मी त्याच इमारतीत राहिलोय. ठोकू नका. ते परवानगीची वाट बघतंय.'
आधी का नाही— कुणी खाली ढकललं हे—

१९, संध्याकाळ
बेडरूमला बाहेरून कडी घातली. आत पावलं. लॉईडला बोलावलंय, ट्रॅफिकमध्ये अडकलाय. त्याच्याशी बोलून बाहेर पळाले, फोन घाईत आतच राहिला—
वाजतोय.
उचलला कुणीतरी. स्पीकरवर लॉईड. "रोवेना, पोचतोच मी."
आणि आतून माझाच आवाज, "अरे, नको येऊस. सगळं ठीक आहे."
मी ओरडतेय, त्याला ऐकू—
"नक्की ना? बरं, मग मी मागे फि—"
कडी हल