अक्काचा मोतीबिंदू आणि माझी जबाबदारी

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. बँकेने फुकट दिलेली डायरी दहा महिने कपाटात कोरीच पडली होती. हरकत नाही. खरं काम आता सुरू होतंय.
परिस्थिती अशी. अक्का, माझी थोरली बहीण, पंच्याहत्तरीची. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणाले, लवकर काढा, नाहीतर डोळा हातचा जाईल. डाव्या डोळ्यालाही अंधुकच दिसतं. परवा आमटीत दोनदा मीठ पडलं. मी तशीच खाल्ली.
आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. अक्काने वाढवलं. भावोजी गेल्यावर ती पुन्हा या घरी आली, आणि मे महिन्यात रिटायर झाल्यावर मीही ओरोसचं सरकारी क्वार्टर सोडून इथेच आलो. तिला सांभाळायला. लग्न केलं नाही त्याचा हा एक फायदा, माणूस कर्तव्याला मोकळा असतो.
उद्यापासून सहाला उठणे. अक्काला हातात चहा देणे.

३ नोव्हेंबर, सोमवार
पावणेआठला जाग आली. चहा तयार होता. अक्काने केला होता. पहिलाच दिवस, शिवाय रात्री मच्छर फार. उद्यापासून नक्की.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
चहाचं अजून जमलेलं नाही. लायटर सापडत नाही. अक्काला न बघता सापडतो, यावरून तिला वाटतं तेवढं कमी दिसत नसावं.
आज महत्त्वाचा सराव. ऑपरेशननंतर डोळ्यात दिवसातून बऱ्याचदा थेंब घालावे लागतात, ते काम माझं. गुलाबपाणी आणून स्वतःवर प्रयोग केला. दोन थेंब नाकात, एक कानात. शेवटी अक्काने माझी हनुवटी धरली आणि पटकन घातला. तिचा हात स्थिर आहे. अक्का सहकार्य करणारी पेशंट आहे ही समाधानाची बाब.

१० नोव्हेंबर, सोमवार
किशोरीचा बांद्याहून फोन. अक्काची एकुलती एक लेक, माझी भाची. म्हणते, आईला गोव्याला नेते, ऑपरेशन करून महिनाभर माझ्याकडे ठेवते. मी स्पष्ट नकार दिला. सख्खा भाऊ घरात असताना अक्काने लेकीच्या सासरी जाऊन का राहायचं? लोक काय म्हणतील? किशोरी म्हणाली, 'मामा, आणि मगे तुझा कसा होतला?'
माझ्यावर ताण पडेल असं तिला वाटतंय. गुणी पोर. तिला सांगितलं, माझी काळजी करू नकोस, तीस वर्षं मी एकट्याने ऑफिसचं टेबल सांभाळलंय.
ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचार टाकतो. आज मंगेशने अंगठा दाखवला. तो एकदा जेवायला येणार आहे. जूनपासून येणार आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सावंतवाडीच्या डॉक्टरांकडे तारीख घेतली. अक्काने रद्द करायला लावली. आधी म्हणाली, भाताची झोडणी होऊंदे. झोडणी झाली. मग म्हणाली, पापड घालूक होये. आज म्हणते, जत्रा होऊंदे, मगे बघूया. मी जरा आवाज चढवला. ती म्हणाली, 'डोळे फुटूक नाय अजून माझे,' आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.
माझ्या लक्षात आलंय. तिला भीती वाटते. सुईची, टेबलाची, मास्कवाल्या माणसांची. म्हातारी माणसं असं कबूल करत नाहीत. त्यांना समजून घेणारं कुणीतरी लागतं, ते नशिबाने तिच्याजवळ आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार
पेन्शनच्या कामासाठी ओरोसला, जुन्या ऑफिसात. काम तसं फोनवर झालं असतं, पण प्रत्यक्ष गेलेलं बरं. सकाळची एसटी. माझ्या खुर्चीत अक्षया नावाची नवी मुलगी आहे. तिने अगदी अदबीने विचारलं, 'काका, आपलं काय काम होतं?' मी म्हटलं, सहज. ती म्हणाली, बसा. बाकावर बसलो. मंगेश मीटिंगमध्ये होता. खिडकीतून बघून त्याने हात केला. मीही केला. दुपारपर्यंत बसलो. नंतर पाणी पिऊन निघालो.
घरी यायला संध्याकाळ झाली. अक्का जेवलीच नव्हती, माझी वाट बघत होती. चांगलं झापलं तिला. या वयात वेळेवर जेवायला नको? बांगड्याचं तिखलं होतं, तिच्या हातचं झणझणीत कालवण. मी जेवेपर्यंत ती समोर बसून होती. दिवसभर एकटीला करमलं नसणार, म्हणून मुद्दाम सावकाश जेवलो.
आज फार दमलो. का कोण जाणे, रडू येईल असं वाटत होतं. पित्त असावं.

२३ नोव्हेंबर, रविवार
स्वयंपाकाची रंगीत तालीम. अक्काला ओटीवर बसवलं आणि पेज मी करायला घेतली. पेज म्हणजे पाण्यात तांदूळ, त्यात काय मोठंसं. मोबाईलवर जरा बातम्या बघत होतो. शेजारची तुळसा धूर बघून धावत आली. 'लवूदादा, घर पेटला की काय?' म्हणाली. या बाईला प्रत्येक गोष्टीचं नाटक करायची सवय आहे.
गॅसची आच मुळातच जास्त आहे. टोप अक्काने राख लावून घासला, हाताने चाचपत चाचपत. मग तिने कुळथाची पिठी आणि भात केला. चांगला झाला होता. तालीम अर्धवट राहिली, पण त्रुटी कळल्या.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
उपाय सापडला. परवा रवळनाथाची जत्रा. अक्का माझं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, देवाचं ऐकेल. तिच्या नावाने गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं घालणारा मानकरी महादू, माझ्याच वर्गातला. मनातली गोष्ट त्याच्या कानात सांगायची, नारळ द्यायचा, तो खड्या आवाजात देवाला सांगतो आणि जमलेले सगळे होकार भरतात. अक्काला म्हटलं, मनात जी भीती आहे ती महादूला स्पष्ट सांग, लाजू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे माझ्या दिशेने. मग म्हणाली, 'सांगतंय.'
मानसशास्त्र म्हणतात ते हेच.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी
अक्काने जरीचं लुगडं काढलंय. नारळ, केळी, उदबत्ती तयार. मी तिचा हात धरून नेणार आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
देवळाच्या पायऱ्यांवर हात मी धरला होता, पण 'सांभाळून रे, हयसर पाय सरकता,' असं तीच म्हणत होती. गर्दी होती. आमचा नंबर आला. अक्का महादूच्या कानाशी लागली. बराच वेळ सांगत होती. महादूने एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे घाल बिनधास्त. त्याने नारळ हातात घेतला आणि सुरुवात केली. जसं आठवतंय तसं लिहितो.
'बा देवा रवळनाथा म्हाराजा, ही तुझी लेक आज तुझ्या दारात उभी आसा. तिच्या डोळ्याचा आपरेशन करूचा आसा, तेची तिका भीती नाय. पण तिचो भाव घरात एकटो. तेका बायल नाय, पोर नाय, चुलीकडचा कायएक येना नाय. ही महिनाभर गेली तर तेका दोन घास कोण घालतला, ह्या एका काळजीन ही थांबली हा. तेच्या पाठी उभो रव. तेका कोणाचो तरी आधार गावांदे, आणि मगेच हिका ने रे म्हाराजा.'
सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा.'
मीही म्हणालो. सवयीने. सगळ्यांत मोठ्याने, कारण मी अगदी पुढे उभा होतो.
कळलं ते नंतर. तोवर मागचा माणूस नारळ घेऊन पुढे सरकला होता.
येताना अक्काने खाजं घेतलं. वाटेत पुडी उघडून माझ्यापुढे धरली. 'खातंस?' म्हणाली. घेतलं. घर येईपर्यंत पुडी संपली. तुळसाही देवळात होती. अख्खा गाव होता.

१ डिसेंबर, सोमवार
आज सहाला उठलो. चहा केला. पावडर जास्त पडली, कडू झाला. अक्काने सगळा प्यायला.
दुपारी किशोरीला फोन केला. म्हटलं, घेऊन जा तिला, लवकर. ती म्हणाली, बरं मामा. मीही येऊ का विचारलं. तिकडे सोबत होईल, थेंब घालायचा माझा सराव आहे. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, 'मामा, दोघांका हय कोण बघतला?'
बरोबर आहे. घरही कुणीतरी बघायला हवं.
अक्काला मी स्वतः सांगितलं, तू जा, माझं मी बघतो. ती म्हणाली, 'खरा मां?' म्हटलं, खरं. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्याशी खोटं बोलताना भीती वाटली.

४ डिसेंबर, गुरुवार
अक्का गेली. जायच्या आधी माझा हात धरून स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर ठेवला. हो पिठीचो, हो तांदळाचो, हय मीठ. मला दिसतं, तरी मी ठेवू दिला. गाडीत बसल्यावर खिडकीतून तुळसाला काहीतरी सांगत होती. माझ्याबद्दलच असणार.
गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आत आलो. घर केवढं मोठं आहे, मला कल्पना नव्हती. क्वार्टरमध्ये इतकी वर्षं एकटा राहिलो, खानावळीचा डबा खाल्ला, कधी काही वाटलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. वाटायचं. दर शनिवारी एसटीने इथे यायचो ते काय उगीच?
तुळसाने जेवण पाठवलं. नको म्हणून सांगणार होतो.

८ डिसेंबर, सोमवार
आज ऑपरेशन. सकाळपासून फोन हातात. काय काय विचारायचं ते मनात पक्कं केलं. दुखलं का, पट्टी कधी काढणार, उजेड कसा वाटतो, थेंब कोण घालतंय.
संध्याकाळी सात वाजता फोन आला. अक्का स्वतः बोलत होती. जेवलंस काय रे, म्हणाली. म्हटलं, जेवलो. काय जेवलंस? म्हटलं, तुळसाने भाजी-भाकरी दिली. गॅस बंद केलंस? केला. मागलो दरवाजो? लावला. थंडी पडली हा, गोधडी पेटाऱ्यात आसा, काढलंस? म्हटलं, काढतो. एकटो बसान रव नको, महादूकडे जाऊन बस वायच. म्हटलं, जातो. शेवटी विचारलं, अक्का, तू कधी येशील? ती म्हणाली, येतंय रे, येतंय. आणि फोन ठेवला.
गोधडी काढली. पांघरून बसलो. मग लक्षात आलं, डोळ्याचं विचारायचं राहिलं.
परत लावला. किशोरीने घेतला. म्हणाली, मामा, आई आताच झोपली.