तेविसाव्या मिनिटाला उजव्या स्पीकरमधून

सिडको, नाशिक
२० एप्रिल २००८

ती. प्रतिभाताईस,

धाकट्या भारतचा वाकून नमस्कार. या वेळी जरा जास्त वेळ वाकलो आहे असं समज, कारण पुढे येईलच. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. भावोजींची साखर आटोक्यात आहे ना? तुझ्या गच्चीवरच्या मोगऱ्याला या उन्हात कळ्या धरतात का? आमच्याकडे ऊन असं पडलंय की कंपनीतून येताना स्कूटरची सीट पेपर टाकल्याशिवाय बसू देत नाही.

तू म्हणशील, घरात फोन असताना याला पत्र लिहायची लहर कुठून आली. ताई, या आठवड्यात मी तुला तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा कांद्याचा भाव विचारला, दुसऱ्यांदा ऊन किती आहे ते विचारलं आणि तिसऱ्यांदा पुन्हा कांद्याचाच भाव विचारला, तेव्हा तू म्हणालीस की भारत, तू नोकरी सोडून व्यापाराला लागलास की काय. जे बोलायचं होतं ते काही ओठांच्या बाहेर आलं नाही. म्हणून कागद घेतला. गेल्या महिन्यात तू मला विचारलं होतंस की तुझ्या गाण्याची डिस्क घरी नीट ऐकायची तर परवडेल असं काय घ्यावं. त्यावर मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं. चुकीचं नव्हे, खोटं. ते का, हे सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तुझ्या रिटायरमेंटचा सत्कार आम्ही जानेवारीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये केला. एकतीस वर्षं मनमाड स्टेशनच्या माईकवरून गाड्यांची ये-जा सांगणारी माझी बहीण त्या दिवशी किती वर्षांनी चारचौघांत गायला बसली. स्पीकर लावायला अकबरभाई होता. (तुला तो आठवत असेल, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. आता लग्नाला, सभेला साउंड भाड्याने देतो.) त्याने तेव्हा नुकताच मुंबईहून मुठीएवढा डिजिटल रेकॉर्डर आणला होता. तो त्याने तुझ्यासमोर स्टुलावर ठेवला. मी सत्कारमूर्तीचा भाऊ म्हणून पहिल्या रांगेत, स्टुलाच्या अगदी उजव्या हाताला बसलो. माझ्या शेजारी आमचा शेजारी सहादू, आणि आम्हा दोघांत मिळून चिवड्याची एक प्लेट.

पंधरा दिवसांनी अकबरभाईने तुला एक आणि मला एक डिस्क दिली आणि बजावलं की ही ऐरीगैरी चीज नाही. एमपीथ्री म्हणजे बेदाणा आणि हे म्हणजे वेलीवरचा घड, असं तो म्हणाला. साधी सीडी सोळा बिटांची असते, ही चोवीस बिटांची. बिट म्हणजे काय ते मी त्याला तीनदा विचारलं. शेवटी तो म्हणाला, आवाज मोजायची पट्टी समज, पट्टीवर रेघा जितक्या बारीक तितकं माप अचूक. हे मला लगेच पटलं, कारण अंबडच्या कंपनीत मी बावीस वर्षं व्हर्निअर घेऊन मापंच तपासतो आहे. मी ठरवलं की ताईचं गाणं ऐकायचं तर पूर्ण मापाने ऐकायचं.

घरच्या कॉम्प्युटरला जे दोन प्लॅस्टिकचे स्पीकर होते त्यांवर तू आणि तबलजी एकाच बादलीत उतरून गात होतात. मग महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात गेलो. तिथल्या विक्रेत्याने पाच स्पीकर आणि एक खोका असं होम थिएटर दाखवलं. डग्ग्यावर थाप पडली की शेजारच्या फ्रिजवरचं स्टीलचं पातेलं सरकत होतं आणि तू माझ्या पाठीमागच्या कोपऱ्यातून गात होतीस. मी वळून पाहिलं. विक्रेता म्हणाला, यालाच सराउंड म्हणतात. (शंका मला तेव्हाच यायला हवी होती, कारण हॉलमध्ये तू समोर बसली होतीस.) तरी मी ते जवळजवळ घेतलंच होतं. तुझ्या भावजयीने, दीपमालाने, हप्त्यांचा कागद शेवटपर्यंत वाचला आणि मला दंडाला धरून दुकानाबाहेर आणलं.

अकबरभाईचं म्हणणं वेगळं होतं. पाच वाईट स्पीकरपेक्षा दोन चांगले बरे, पैसा तिथे घालायचा, बाकीचं साधं चालतं. कॉम्प्युटरच्या आतलं साउंड कार्ड तिथल्या पंख्याची घरघरही गाण्यात मिसळतं, म्हणून बाहेरून जोडायचा साबणाच्या वडीएवढा एक डबा घ्यायचा, तो डिस्कवरच्या आकड्यांचा आवाज करतो. अॅम्प्लिफायर त्याच्याकडे जुना पडून होता, तो त्याने दिला. स्पीकर एका बंद पडलेल्या डान्स क्लासातून मिळाले, लाकडी, वजनदार, एकाच्या पाठीवर कुणीतरी ‘रिंकी’ असं कोरलेलं. सगळं मिळून होम थिएटरच्या तिसऱ्या हिश्शात बसलं. स्पीकर आधी दीपमालाच्या गव्हाच्या कोठ्यांवर ठेवले, तर खालच्या सुरांना कोठ्याही साथ करू लागल्या. मग विटांवर ठेवले.

त्यानंतर पंधरा दिवस मी काय केलं ते लिहिताना आताही कान तापतात. जो कोणी घरी येईल त्याला मधल्या खुर्चीत बसवायचं, तुझ्या गाण्याची पहिली पाच मिनिटं लावायची आणि विचारायचं, फरक कळतो ना? प्रत्येकाला कळला. सहादूने तर डोळे मिटून सांगितलं की त्याला हॉलमधल्या उदबत्तीचा वाससुद्धा येतोय. मग एकदा अकबरभाई आला, त्याने कॉम्प्युटरमध्ये डोकावून पाहिलं. सेटिंगमधली एक चौकट टिक करायची राहिली होती. कॉम्प्युटर सगळं जुन्याच मापाने बाहेर पाठवत होता. पंधरा दिवस आम्ही बेदाणे खाऊन घडाची तारीफ करत होतो. मी मापं तपासण्याचा पगार घेतो, ताई.

ती टिक केली आणि पुढच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पुन्हा सगळ्यांना अख्खं गाणं ऐकायला बोलावलं. सहादू आला, अकबरभाई आला, आणि सोसायटीच्या भजनी मंडळाच्या साळूबाई आल्या, ज्यांना सुरातलं कळतं. या वेळी खरंच फरक होता. तंबोऱ्याच्या चार तारा चार वेगळ्या ऐकू येत होत्या. तुझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. तू श्वास घेतलास की आपणही घ्यावा असं वाटत होतं. साळूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ते पाहून मी म्हणालो की मी तर त्या दिवशी हॉलमध्येच रडलो होतो. (तुलाही मी तेव्हा हेच सांगितलं होतं. डोळ्यांत पाणी होतं हे खरं आहे. ते चिवड्यातल्या मिरचीचं होतं.)

आणि तेविसाव्या मिनिटाला, तू वरच्या सा कडे निघाली होतीस तेव्हा, उजव्या स्पीकरमधून, अगदी कानाशी बोलावं तसा आवाज आला, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. वरचा सा सुमारे चाळीस मिनिटे उशिराने धावत आहे.” त्यामागून नाकातून हसणं, मग “भारतभाऊ, हळू,” आणि मग चिवडा चावण्याचा आवाज, इतका स्वच्छ की दाताखाली डाळं आहे की शेंगदाणा तेही ओळखावं.

साळूबाईंनी आधी स्पीकरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सहादूला आठवलं की त्याने दूध गॅसवर ठेवलंय आणि तो उठून गेला. (त्याच्याकडे दूध संध्याकाळी येतं.) मी म्हणालो की जवळच्या एखाद्या रेडिओ स्टेशनचं प्रक्षेपण मध्ये घुसलं असावं, हल्ली असं फार होतं. अकबरभाईने शांतपणे विचारलं की रेडिओवाल्याला तुझं नाव कसं ठाऊक. दीपमालाने मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. भिंतीकडे बघत ती म्हणाली, “तुमच्या बहिणीचं गाणं होतं ते.” एवढंच, आणि साळूबाईंसाठी चहा टाकायला गेली. माझ्यासाठी टाकला नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून परस्पर अकबरभाईच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, तेवढं कापून टाक, ताईची डिस्कही बदलून देऊ. त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले.

“कापतो,” तो म्हणाला, “पण त्याच्या खालीच ताईंचा सा आहे. तुझ्याबरोबर तो पण जाईल.”

मी म्हणालो, कुठला सा, तो लागलाच नव्हता. त्याने ती जागा लावली. ताई, तो लागलाय. बरोबर जागेवर, कुठेही न हलता, माझ्या हसण्याच्या खाली तो उभा आहे. मी हसत होतो म्हणून मला ऐकू आला नाही. आणि गाणं संपल्यावर, टाळ्या पडायच्या आधी, एक बारीकसा आवाज आहे. तो कशाचा हे मी अकबरभाईला विचारलं, त्याने नुसतंच पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळी मला कळलं. वही मिटल्याचा आवाज आहे. तू वहीत दोन चिजा लिहून आणल्या होत्यास, आदल्या दिवशी फोनवर मला त्या वाचूनही दाखवल्या होत्यास. एक झाली आणि घसा बसला असं सांगून तू उठलीस. टाळ्या सगळ्यांत जोरात माझ्याच होत्या. तुझ्या आणि माझ्यामध्ये चार फुटांचं अंतर होतं, ताई. तू ऐकलंस की नाही हे मला माहीत नाही. पण वही मिटलेली मी ऐकली.

मार्चमध्ये निफाडची द्राक्षं द्यायला म्हणून मी मनमाडला आलो तो हे सगळं सांगायलाच. गाडीत तीन वेळा मनाशी म्हणून पाहिलं होतं. तू दार उघडलंस, पाणी दिलंस आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलंस की भारत, तुला यातलं कळतं, मी काय घेऊ, रिटायरमेंटचे थोडे पैसे बाजूला ठेवलेत. आणि मी म्हणालो, मोठं काही घेऊ नकोस, कॉम्प्युटरला लावायचे छोटे प्लॅस्टिकचे स्पीकर पुरतील. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. वर हेही म्हणालो की या वयात आपल्याला फरक कळत नाही. त्या छोट्या स्पीकरवर माझी कुजबुज ऐकू येत नाही, हे मी निघण्याआधी घरी तीन वेळा तपासून पाहिलं होतं. मापं तपासण्यात मी पक्का आहे. तू जेवायला थालीपीठ केलंस, मी चार खाल्ली.

आणि गेल्या रविवारी तुझा फोन आला. तू म्हणालीस की स्पीकर आणले, गाणं ऐकलं, डब्यातून आल्यासारखं वाटतं. मी म्हणणार होतो की स्पीकरच तसे आहेत. तेवढ्यात तू म्हणालीस, “स्पीकरचं काही नसेल रे. माझाच आवाज आता तसा झाला असेल. वही मी माळ्यावर टाकली.” तू हे अगदी साध्या सुरात सांगितलंस, गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर येणार ते सांगावं तसं. आणि मी तुला कांद्याचा भाव विचारला.

तर आता खरं सांगतो. तुझ्या आवाजाला काहीही झालेलं नाही. दोष स्पीकरचा आहे, आणि त्याहून जास्त तो घ्यायला सांगणाऱ्याचा. शनिवारी अकबरभाईला मनमाडला लग्नाचं काम आहे. त्याच्या टेम्पोतून मी माझं सगळं सामान पाठवतो आहे, स्पीकर, अॅम्प्लिफायर, तो डबा आणि विटासुद्धा. परत पाठवू नकोस, इथे ते लावायची माझी छाती होत नाही. डिस्क होती तशीच आहे, त्यातलं मी काही कापू दिलं नाही. तेविसावं मिनिट जवळ आलं की उठून जाऊ नकोस. वर मी आहे, पण खाली तू आहेस, आणि कान जरा सरावला की मी कमी होत जातो.

अकबरभाई रेकॉर्डरही बरोबर आणणार आहे. वही माळ्यावरून काढलीस तर दुसरी चीज घरातच होईल. दीपमाला त्याच्याबरोबर येते आहे. मी येत नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
भारत

ता. क. स्पीकर एकमेकांपासून तीन हातांवर ठेव, तुझ्या कानांच्या उंचीला, आणि स्वतः बरोबर मधे बस. ‘रिंकी’वाला उजवीकडे. ती चौकट टिक झाली आहे की नाही ते अकबरभाईकडूनच बघून घे, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

आणखी ता. क. गाण्यानंतर डिस्कवर सत्काराची भाषणं आहेत. भावोजी बोलत असताना उजव्या स्पीकरमधून पुन्हा एक वाक्य येतं, त्यात भावोजी आणि मालगाडी यांची तुलना आहे. तेवढ्या वेळापुरतं त्यांना काही आणायला बाहेर पाठव. खरं सांगायचं तर मी हे पत्र लिहायला बसलो ते आधी एवढं सांगायलाच. वरचं सगळं लिहिता लिहिता आलं.

शेवटचं. पाकीट बंद करायच्या आधी दीपमालाने पत्र वाचायला मागितलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, सगळं लिहिलंत, पण ज्यासाठी पत्र लिहितात तेच यात नाही. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिचं बरोबर आहे. कागद संपला आहे, म्हणून समासात लिहितो. ताई, माझं चुकलं. मला माफ कर.