लांडग्याचा दाखला

४ ऑक्टोबर

पोचलो बाई एकदाचे! मी, सासूबाई, पिशव्यांचा डोंगर आणि सासूबाईंचं शिवणाचं मशीन. ते त्यांनी वाटभर मांडीवर घेतलं होतं, टेम्पोवाल्यावर विश्वास नाही म्हणून. घर दवाखान्याच्या मागेच आहे, मधे फक्त फरशीचं अंगण. स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसते आणि टेकडीवर मेंढ्या. सासूबाईंनी आल्या आल्या खुर्ची खिडकीशी ओढली आणि आता आपण हलणार नाही असं जाहीर केलं.

हे बोटीवर आहेत ते थेट मार्चपर्यंत. तोवर आम्ही दोघीच. सासू-सुनेचं जमत नाही म्हणतात, आमचं उत्तम जमतं. दोघींना बोलायला लागतं आणि दोघींना दुसरीचं ऐकायची सवय नाही.

दवाखाना लहान पण स्वच्छ. जनावर बांधायची चौकट, वजनकाटा, हत्यारं उकळायचं मोठं भांडं, सगळं जागच्या जागी. कंपाउंडर पन्नाशीचे, कमी बोलणारे, नखं माझ्यापेक्षा स्वच्छ. आधीचे डॉक्टर कशाचंही 'बघू' एवढंच उत्तर द्यायचे, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मी तशी नाही. मला विचारलं की मी सांगते.

९ ऑक्टोबर

इथे सगळं गाव एका जोडप्यावरून भांडतंय. जोडपं लांडग्यांचं.

कित्येक वर्षांत इकडे लांडगा नव्हता. उन्हाळ्यात एक जोडी टेकडीपलीकडून आली आणि राहिली. चहाच्या दुकानात दोन बाकं आहेत. एकावर मेंढ्यांवाले बसतात. त्यांच्या पुढाऱ्याला सगळे 'थोरले' म्हणतात, खरं नाव कोणी घेतच नाही. दुसऱ्यावर शाळेचे मास्तर आणि त्यांच्या मताची चार डोकी. मास्तरांना लांडगे आल्याचा आनंद असा, की लेक माहेरी आली म्हणावं. दुकानवाली ज्याचा चहा त्याचं मत धरते.

नियम साधा आहे. तीन हल्ले लांडग्याचेच असा जनावरांच्या डॉक्टरने दाखला दिला, तर वरून शिकारी येतो. नाही दिला आणि लांडगे टिकले, तर टेकडी राखीव होते आणि चराई बंद. म्हणजे दोन्ही बाकांचा घास माझ्या सहीत अडकलाय. आज दोन्हीकडून चहा आला. सासूबाई म्हणाल्या, चहा दोघांचा पी, साखर कोणाची घेऊ नकोस.

१७ ऑक्टोबर

पहिला दाखला दिला. थोरल्यांची मेंढी, टेकडीच्या उतारावर. गळ्यावर चावा, पोट फाडून खाल्लेलं, ओल्या मातीत पाऊल. हातच्या कांकणाला आरसा कशाला? लांडगाच. मास्तरांचं तोंड उतरलं.

सगळे भोवती उभे होते म्हणून मी कातडी सोलून दाखवली, काय कसं ओळखायचं ते सांगितलं. कॉलेजात मी शिकवायला उभी राहिले की मागची रांग झोपायची. इथे माणसं श्वास धरून ऐकत होती. थोरले तर फार मुद्द्याचं विचारतात. सभ्य माणूस. जाताना त्यांनी माझी पेटी स्वतः गाडीपर्यंत उचलून आणली.

सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला जाते. आज पलीकडच्या काठावर लांडगा दिसला. लांब पायांचा, हडकुळा, थोडा ओशाळल्यासारखा. माझ्याकडे बघितलं आणि आपल्या वाटेने गेला. या गावात मला काही न विचारणारा तो पहिलाच.

२६ ऑक्टोबर

दुसरी मेंढी. दाखला दिला नाही.

सुळ्यांची भोकं होती, पण कातडीखाली रक्त साकळलेलं नव्हतं. मेलेल्या जनावराला रक्ताची गाठ येत नाही. आधी मेंढी मेली, मग कोणीतरी तिला चावे 'केले'. मी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, भीडभाड ठेवली नाही. वाटलं आता भडका उडेल. थोरले चिडले नाहीत. उलट आभार मानले आणि विचारलं, म्हणजे जिवंतपणी चावा बसला असता तर रक्त साकळलं असतं? मी म्हटलं, अर्थात.

मास्तर मागे उभे होते, बुटांकडे बघत.

३० ऑक्टोबर

थोरल्यांकडे जेवायला गेलो. घरभर माणसं, सुना-जावांची लगबग, सासूबाई तर खुशीत. जेवताना थोरल्यांनी सहज विचारलं की लांडगा माणसावर येतो का. मी म्हटलं, जवळजवळ कधीच नाही. आलाच तर एकट्यावर, अंगाने किरकोळ किंवा म्हाताऱ्यावर. मग चावा कुठे असतो? मी सांगितलं, माणूस हात आडवा घालतो म्हणून आधी कोपराखाली, मग मांडी, मग गळा. माझ्याच हातावर बोट ठेवून दाखवलं. ताटं वाढणाऱ्या बायकाही थांबून ऐकत होत्या.

परतताना सासूबाई म्हणाल्या, जेवताना काय गं तुझं ते, उचलली जीभ लावली टाळ्याला. खरं आहे. पण विचारलं तर सांगायचं नाही का?

३ नोव्हेंबर

तिसरी मेंढी.

कातडीखाली रक्त होतं. भरपूर. गाठींवर गाठी, मानेपासून फऱ्यापर्यंत. तिला जिवंतपणी चावे दिले होते, सावकाश, पुन्हा पुन्हा, आणि पाय बांधल्याचे वळ होते. मी इतकी जनावरं उघडली आहेत, पण असं कधी पाहिलं नव्हतं.

संतापाच्या भरात मी बोलत सुटले. हे माणसाचं काम आहे म्हटलं. लांडग्याचे वरचे सुळे एकमेकांपासून लांब असतात, खालचे जवळ; इथे दोन्ही ओळी सारख्या अंतरावर आहेत. जखमेत लाकडाची ढलपी आहे. लाकडी जबडा करून दात बसवलेत कोणीतरी. असं सगळं बोलले. कोणी 'कोण' असं विचारलं नाही. माना खाली घातल्या नाहीत. थोरल्यांनी फक्त विचारलं की खालचे जवळ म्हणजे किती जवळ.

आणि मी बोटांनी दाखवलं. सवयीने. दाखवून झाल्यावर कळलं.

५ नोव्हेंबर

मास्तर दुपारी घरी आले. बसले नाहीत. टेकडी पालथी घातली म्हणाले. लांडग्यांची पावलं नाहीत, विष्ठा जुनी, वाळलेली. जोडी केव्हाच निघून गेली आहे. मी म्हटलं मग चला, चहाच्या दुकानात जाऊन सांगू. ते हसले. गेलेल्या लांडग्यावर कोण विश्वास ठेवतो म्हणाले. चराई बंद व्हायची भीती काही लांडग्याबरोबर गेलेली नाही.

दारात थांबून त्यांनी मला विचारलं की मी शिकवत असताना गाव इतकं मन लावून का ऐकतं, याचा मी विचार केलाय का.

“बाई, तुम्ही शिकवता फार छान,” ते म्हणाले. “इतका शांत वर्ग मी फक्त परीक्षेच्या आधी पाहिलाय.”

संध्याकाळच्या बसने ते गेले. बदली मागून घेतली म्हणतात. शाळेला कुलूप.

९ नोव्हेंबर

आणखी एक मेंढी. यात मला चूक सापडली नाही.

रक्त आहे. खालचे सुळे जवळ. ढलपी नाही. पोटही खाल्लेलं, कुत्री सोडली असणार. ज्या ज्या गोष्टीला मी नाव ठेवलं ती ती दुरुस्त केलेली. मला शिसारी आली आणि — लिहिते, खोटं कशाला — एक क्षण कौतुकही वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली.

मी सही केली नाही. निर्णय देता येत नाही म्हटलं. थोरल्यांनी शांतपणे विचारलं, काय कमी आहे? मी गप्प. पहिल्यांदाच गप्प. ते वाट बघत उभे राहिले, सगळेच उभे राहिले, वह्या मिटून निकालाला थांबलेल्या पोरांसारखे.

वर फोन केला. साहेब म्हणाले मेंढ्यांचं प्रकरण वादात आहे, तूर्त थांबा, गावाशी भांडण नको. आणि म्हणाले, माणसावर हल्ला झाला तर गोष्ट वेगळी, मग तुमचा दाखलाही लागत नाही, त्याच दिवशी परवानगी.

मी विचारलं, हे गावाला माहीत आहे का. ते म्हणाले, तुमचे थोरले कालच विचारून गेले.

११ नोव्हेंबर

दवाखान्यात उकळायच्या भांड्यावर झाकण होतं, खाली आच चालू. मी आज काही हत्यारं टाकली नव्हती.

झाकण उचललं. आत दोन फळ्या, मधे बिजागरी. फळ्यांना पत्रा मारलेला, ढलपी निघू नये म्हणून. दात खरे. कुत्र्याचे की लांडग्याचे ते बघायला मी चिमटा घेतला, तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. चिमटा ठेवला. कंपाउंडर आत आले, मला नमस्कार केला, आच बारीक केली. म्हणाले, तुम्हीच म्हणता ना, स्वच्छ हवं.

मी फोटो काढायला मोबाइल घेऊन परत गेले तोवर भांडं रिकामं, पालथं घालून ठेवलेलं. कुंपणच शेत खातंय. दाद कोणाकडे मागू?

१२ नोव्हेंबर

सासूबाईंना सगळं सांगितलं. आधी हसल्या. लांडगा आला रे आला, म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून मशीन थांबवलं.

एकटं म्हातारं माणूस. मीच बोलले होते. मीच. त्या दिवसभर खिडकीत बसतात, दार उघडं टाकून. आता कडी लावते. अंगणातसुद्धा एकटीला जाऊ देत नाही. चिडल्या आहेत, पण मला त्यांच्या जिवापुढे काही सुचत नाही.

गाडीची चारही चाकं बसली आहेत. मेकॅनिक म्हणाला, होतं असं थंडीत.

१३ नोव्हेंबर

बस बंद. रस्त्याचं काम काढलंय. काल नव्हतं.

ह्यांना बोटीवर निरोप पोचत नाही. वरचे साहेब रजेवर. पोलीस चौकीत फोन उचलला, सगळं ऐकून घेतलं, थोरल्यांशी बोलून कळवतो म्हणाले —

गाव मात्र फार प्रेमाने वागतंय. दूध दारात येतं, पैसे घेत नाहीत. दुकानवाली सासूबाईंना लोकर देऊन गेली. जाता जाता विचारत होती, सूनबाई फिरायला किती वाजता जातात, कोणत्या वाटेने. सासूबाईंनी सांगितलं. का नाही सांगणार?

मी नसताना सासूबाई एकट्या कधी असतात, ते बघतायत. आता फिरणं बंद. घर सोडायचं नाही.

१४ नोव्हेंबर

काही नाही. दिवसभर काही नाही. उठते, कडी बघते, बसते, परत उठते. सासूबाई म्हणाल्या, बस गं, मला घेरी येते तुझ्याकडे बघून.

कंपाउंडर दोनदा येऊन गेले. कालवा आज छान वाहतोय, म्हणाले.

कालव्याचं ह्यांना काय —

१५ नोव्हेंबर

सकाळ. ऊन चांगलं आहे. अंगणात माणसं. थोरले पुढे, सुतार, कंपाउंडर, दुकानवाली, बायकासुद्धा. कोणाच्या हातात काही दिसत नाही.

कालव्यावर लांडग्याने माणूस धरला म्हणतात. चला म्हणतात, बघायला तुम्हीच हव्यात.

आत धावले. सासूबाई खिडकीत आहेत, मशीनवर, धडधाकट. मला बघून चष्मा वर केला. मी रडले. त्यांना मिठी मारली. त्यांना काही कळेना.

दारात जाऊन विचारलं, कोण जखमी आहे? कोणी नाव सांगेना. एकमेकांकडे बघतात. गाव तर सगळं इथेच उभं आहे. मी परत विचारलं. थोरले म्हणाले —

“तुम्ही चला तर आधी.”

मी नाही येत म्हटलं. तर म्हणाले, ठीक आहे, मग आम्ही आत सासूबाईंपाशी बसतो तुमचा विचार होईपर्यंत. दोघे आत येऊन बसलेही. दुकानवाली त्यांची लोकर गुंडाळतेय. सासूबाई त्यांना चहाचं विचारतायत. बाई गं.

जाते. मी गेले तर ह्या राहतील. बूट घालायला म्हणून खोलीत आले आहे. कंपाउंडर दारापाशी. मला हात आडवा घालायचा नाहीये, पण घातला जाईल, सगळ्यांचाच जातो —

यानंतर जे डॉक्टर येतील त्यांच्यासाठी. या गावाला मी सगळं शिकवलंय. एक सोडून. लपवलं असं नाही, कोणी विचारलंच नाही. सुळ्यांची भोकं मोजू नका, ती बरोबरच भरतील. रक्त बघू नका. लांडगा धरतो तेव्हा नुसता चावत नाही, तो आधी —

हो, आले म्हटलं — बुटाची नाडी —

तो आधी आपली मान