बाकाचं तोंड कुठे

नेदर वॉडलो,
शनिवार, चहाच्या वेळी

ती. ऑगस्टामावशीस रॉडरिकचा टोपी काढून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? नव्या डॉक्टरचं तू ऐकतेस, की अजून त्यालाच ऐकवतेस? (मागच्या डॉक्टरने दुसऱ्या जिल्ह्यात बदली का मागून घेतली, हे आम्हाला ठाऊक आहे बरं.) इकडे आमचं बरं चाललंय. कोबीला अळी लागलीय आणि मला पॅरिश कौन्सिल. अळीवर औषध तरी मिळतं.

तुला कळवायचं राहिलंच, दोन वर्षांपूर्वी मी आपल्या गावच्या कौन्सिलचा सभासद झालो. झालो कसला, केलं मला! दारासमोरच्या खड्ड्याची तक्रार करायला म्हणून मी गावच्या हॉलमध्ये गेलो. जनतेसाठी मांडलेल्या बारा खुर्च्यांवर मीच एकटा जनता. त्यांची एक जागा रिकामी होती, निवडणुकीला काही कुणी उभं राहत नाही, तेव्हा हाताशी सापडेल तो माणूस सभेनेच घ्यायचा अशी रीत. सातही जणांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पाच मिनिटांत मी टेबलाच्या पलीकडे! खड्डा अजून तिथेच आहे. फक्त त्याच्या तक्रारी आता माझ्याकडे येतात.

आमचे अध्यक्ष अँब्रोज हिंकल, म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगितलं, बंद कर म्हणायची जिभेला सवयच नाही. कारकून म्हणजे ब्रिजेट नोक्स. आम्हा आठ जणांत मिळून नाही एवढी अक्कल तिला एकटीला आहे, म्हणूनच बहुधा तिला मत नाही. तर झालं काय, जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीतून पत्र आलं: गुरुवारची बस गावाला हवी असेल तर तसा ठराव करून महिनाअखेरीपर्यंत कळवा, उत्तर आलं नाही तर गरज नाही असं समजू. आता आठवड्यातून एकदा हॅवरटनला जाणारी ही एकच बस, आणि तिच्यात बसणारी माणसं चार. त्यातली एक माझी शेजारीण ऑलिव्ह टॅपस्कॉट. तिचा नवरा विल्फ तिथल्या वृद्धाश्रमात असतो. तो आता कुणालाही ओळखत नाही, पण गुरुवारी अकरा वाजता भांग पाडून दाराकडे तोंड करून बसतो. कसं कळतं त्याला, देव जाणे.

पण पत्र म्हटलं की ते चौदाव्या विषयात, 'आलेला पत्रव्यवहार'. (उद्या समुद्र गावात शिरतोय असं पत्र आलं तरी ते चौदाव्यातच जाईल, आणि आम्ही ओल्या पायांनी आधीचे तेरा संपवू.) सहावा विषय होता बसथांब्याजवळच्या नव्या बाकाचा: त्याचं तोंड कुठे करायचं? आमच्यातल्या पॉम्फ्रेटबाई म्हणाल्या, तळ्याकडे. "बसल्यावर माणसाला बदकं तरी दिसावीत! रस्त्याकडे पाहण्यासारखं आहेच काय? रॉडरिकचं कुंपण?" मावशी, माझ्या कुंपणाला नाव ठेवलेलं मी एक वेळ सोसलं असतं, पण हसले ना सगळे! मी उठलोच. म्हटलं, बाक थांब्याचा आहे, बस येताना दिसली नाही तर बिचाऱ्या प्रवाशांनी काय मानेला चाकं लावायची? मी पंचवीस मिनिटं बोललो. घरून काडेपेटीची बस करून नेली होती, ती टेबलावरून दोनदा चालवून दाखवली. अँब्रोज आपले, "हं, अजून थोडं, अजून थोडं." मतं पडली चार विरुद्ध चार. अँब्रोजनी आधी माझ्या बाजूने मत दिलं होतं. मग अध्यक्षाचं निर्णायक मत त्यांनी पॉम्फ्रेटबाईंना दिलं, कारण कुणाचं मन दुखवायला नको!

साडेनऊला सभा संपते, असा नियम. वेळ वाढवायची तर त्याआधी ठराव हवा. ब्रिजेटने नऊ वीसला अँब्रोजपुढे चिठ्ठी सरकवली. पण तेव्हा मी उभा होतो. माझा विरोध इतिवृत्तात कारणांसकट नोंदवा असा माझा आग्रह होता, आणि कारणं तीन होती, आणि ती मी सावकाश सांगत होतो. तिसऱ्या कारणात साडेनऊ झाले. ब्रिजेटने वही मिटली.

"अहो, बसचं पत्र?" मी म्हटलं.

"पुढच्या महिन्यात."

"मुदत परवा संपतेय!"

"खास सभेला तीन दिवस आधी फलकावर सूचना लावावी लागते. आणि ठरावाशिवाय मी लिहिलं, तर ते माझं पत्र होईल रॉडरिक, गावाचं नाही."

बस गेल्या पंधरवड्यात बंद झाली. बाक मात्र झटक्यात आला (खड्ड्याला आठ वर्षं, बाकाला आठ दिवस!) आणि रस्त्याला पाठ करून बसला. त्यावर बसून बस दिसत नाही ही माझी तक्रार होती, तीही आता उरली नाही. पॉम्फ्रेटबाई विचारतात, "बघा, झाली का कुणाची गैरसोय?"

बस बंद झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी ऑलिव्ह हॅट घालून, पिशवी मांडीवर घेऊन त्या बाकावर येऊन बसली होती. दर दोन मिनिटांनी मान वळवून मागे बघायची. मला वाटलं होतं, तिला कुणीतरी सांगितलं असेल. कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी मीच गेलो. "असं होय," म्हणाली, "विल्फने भांग पाडला असेल रे." आणि घरी गेली. मावशी, मला माझीच लाज वाटली. बाकी सर्व क्षेम.

तुझा भाचा,
रॉडरिक

ता. क. मूळ सांगायचं ते राहिलंच. तुझी ती हिरवी गाडी अजून चालते, आणि तू ती अजून चालवतेस, असं ऐकतो. (वाटेतल्या कुंपणांकडून.) दर गुरुवारी सहा मैल वाकडी वाट करून ऑलिव्हला हॅवरटनला नेशील का? डोळ्यांमुळे माझा परवाना गेला, नाहीतर तुला त्रास दिला नसता. पेट्रोल माझं, दुपारचं जेवण माझ्याकडे. फक्त गाडीत कौन्सिलचा विषय काढू नकोस. नाही म्हणू नकोस गं.

आणखी एक ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात ऑलिव्ह आली. घरच्या संत्र्याच्या मुरंब्याची बरणी घेऊन. बसच्या प्रवाशांसाठी मी सभेत पंचवीस मिनिटं उभा राहून बोललो, असं तिला कुणीसं सांगितलंय. "तू एकटाच रे आमच्यासाठी भांडलास," म्हणाली आणि माझा हात धरून राहिली. मी खरं सांगणार होतो. बरणी घेतली आणि थँक्यू म्हटलं.